रात्रपाळी

तीन बॅटऱ्या. नेलपॉलिशचे ठिपके देऊन ओळखीच्या केलेल्या:
एक ठिपका शहाणी, दोन ठिपके बरी,
तीन ठिपकेवाली जन्माची नाठाळ,
भरले म्हणून सांगते आणि ऐन खिंडीत दगा देते.

पामीरच्या थंडीत तिघींना
लोकरी मोज्यात घालून पोटाशी बांधते मी,
रात्री कूस बदलताना चाचपते.
बावन्नाव्या वर्षी ही कसली ओटी,
असं मनात येतं आणि अंधारात हसू येतं.

अलिचूरच्या या घरात वीज येत नाही, साठवावी लागते.
छपरावर एक सौर पाटी, कडेला तडकलेली,
दाराशी कामाझ ट्रकची म्हातारी बॅटरी,
तिच्या डोक्यावर गुणगुणणारा इन्व्हर्टर
आणि एकच सॉकेट, दुधाच्या दातासारखं हलणारं.
माझा दीडशे देशांत चालणारा ॲडॉप्टर त्यात टिकेना.
मेरिमनं काडेपेटीचं झाकण दुमडलं, पाचर मारली.

त्या सॉकेटला रांग असते.
आधी मेरिमचा दिवा, गणितं संपेतो.
मग उल्जानचा फोन. तिचा नवरा येकातेरिनबुर्गला
दुसऱ्यांच्या भिंती रंगवतो,
शुक्रवारी बोलतो, आज शुक्रवार.
मग टीव्ही: आपल्याकडचीच एक मालिका, रशियन बोलणारी.
सगळं घर माझ्याकडे वळून विचारतं,
तुमच्यात सासू झोपतानाही एवढे दागिने घालते?
मी नाही म्हणते. विश्वास कुणाचाच बसत नाही.
माझा अर्धा डोळा सॉकेटवर.
पाहुणीला शोभत नाही, पण होता.

साडेदहाला माझा नंबर लागला.
चार्जरचा लाल दिवा लुकलुकला
आणि कोपऱ्यातले तोक्तोसुन आजोबा उठून बसले.
तीस वर्षं हवामान ठाण्यावर होते ते,
दिवसातून तीनदा पारा वाचायचे, वारा मोजायचे.
ठाण्याला कुलूप लागलं, त्यांना नाही.
मेरिम त्यांची किर्गिझ माझ्या हाती देत गेली,
शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द पुसून:
एका बॅटरीत फोटो किती?
या थंडीत? तीनशे, नशीब असेल तर.
ते भिंतीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, माझ्या नोंदींना एकशे नऊ लागल्या असत्या.
मला एक पेन्सिल चार महिने पुरायची.
शाई गोठते.
फुशारकी नव्हती त्यात. हिशेब होता.

मी झोपले.
झोपेत दोनतीनदा दार करकरलं,
थंडीची पट्टी आत आली आणि मिटली,
कुणीतरी चुलीत झुडपाचं मूळ सारलं.

सकाळी तिघी चुलीपासून हातभर दूर,
माझ्याच मोज्यावर, ओळीनं.
शेजारी वहीचा चतकोर, पट्टीनं आखलेले रकाने.
मेरिमनं वाचून दाखवलं:

२२.३५. उणे चार. वारा पश्चिमेचा. पहिली लावली.
००.५०. उणे सात. पहिली हिरवी. दुसरी लावली.
०३.१५. उणे दहा. वारा नाही. दुसरी हिरवी. तिसरी लावली.
०४.४०. उणे अकरा. तिसरी हिरवी म्हणते. विश्वास ठेवू नये.

पैसे पुढे केले, तर त्यांनी माझ्या पेल्यात चहा ओतला.
तुमचा फोटो काढू का, म्हटलं.
म्हणाले, आधी सरोवराकडे जा,
दहानंतर तिथलं ऊन फोटोच्या कामाचं नसतं.

मी पोचले अकराला. वाटेत याकच्या कळपानं
रस्ता अडवला होता, आणि मी तिथेच रेंगाळले.
पाणी पांढरं पडलेलं, ऊन बोथट,
पहिल्या दोघी मी संध्याकाळसाठी राखलेल्या.
नाठाळ घातली. बाराव्या फोटोला स्क्रीन काळा.

चतकोर उलटा केला. पेन्सिल होती,
निघताना मेरिमनं खिशात कोंबलेली.
दगडावर टेकवून, बोटं आखडत, लिहिलं:

११.२०. थंडी किती ते कळत नाही.
वारा आहे, कुठला ते कळत नाही.
तिसरी गेली.